जुन्या टेलिफोन डिरेक्टरीतून पुण्यातलं घराणं शोधताना: आधी पत्ता, मग आडनाव

जुनी टेलिफोन डिरेक्टरी हातात पडली की बहुतेक जण आधी आपलं आडनाव काढतात. आडनाव जोशी, कुलकर्णी, शिंदे किंवा शेख असेल तर रकानेच्या रकाने भरून नावं समोर येतात. त्यातलं आद्याक्षरं जुळणारं एक उचललं जातं आणि वंशावळीत पणजोबांच्या धाकट्या भावाच्या जागी बसवलं जातं. ती वंशावळ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायला लागली की पुढे ती कोणी दुरुस्त करत नाही. हे वारंवार होताना दिसतं, म्हणून हा लेख.

डिरेक्टरीतली ओळ एवढंच सांगते की अमुक सुमारास, अमुक पत्त्यावर, अमुक नावाने टेलिफोन होता. घर कोणाच्या मालकीचं, त्यात आणखी कोण राहत होतं, खालच्या ओळीतला त्याच आडनावाचा माणूस सख्खा भाऊ की परका, यातलं काहीही त्यातून कळत नाही. पण त्या ओळीत पत्ता असतो, आणि पुण्यात घराणं शोधताना पत्ता हा आडनावापेक्षा कितीतरी भरवशाचा. पुढचे सगळे टप्पे पत्त्याभोवतीच लावले आहेत. ते याच क्रमाने करा. ग्रंथालयात आधी जाऊन घरचे कागद नंतर काढलेत, तर तीच डिरेक्टरी पुन्हा पहिल्यापासून चाळावी लागेल.

टप्पा १: घरातले कागद आणि घरातली माणसं

कपाटातल्या जुन्या लग्नपत्रिका आधी काढा. पत्रिकेच्या तळाशी निमंत्रकाचा पूर्ण पत्ता असतो, लग्नस्थळ असतं, आणि तारीख छापलेली असते. तारीख आणि पत्ता एकाच कागदावर मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. त्यानंतर भाडेपावत्या, विम्याच्या पॉलिसी, बँकेची पासबुकं, शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड, मृत्यूचे दाखले आणि पोस्टाचा शिक्का शाबूत असलेली पत्रं बघा. जुन्या डायऱ्यांची शेवटची पानं विसरू नका. नातेवाइकांचे फोन नंबर तिथेच लिहिलेले असत.

एखाद्या लेटरहेडवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे ‘पी.पी.’ दिसलं तर ते ठळक नोंदवा. तो फोन आपल्या घरातला नव्हता. शेजाऱ्याच्या, घरमालकाच्या किंवा खालच्या दुकानदाराच्या फोनवर निरोप येई आणि कोणीतरी जिन्यातून हाक मारी. नव्या जोडणीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागण्याच्या काळात पुण्यातली कितीतरी कुटुंबं अशी पी.पी. नंबरावरच होती. त्यांचं नाव डिरेक्टरीत सापडणार नाही. ज्याचा फोन होता त्याचं मात्र सापडेल, आणि त्या ओळीत तुमच्या वाड्याचा पत्ता असेल.

वडीलधाऱ्यांना ‘आपण पूर्वी कुठे राहायचो?’ एवढंच विचारलं तर ‘सदाशिवात’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी हे विचारा: फोन कोणाकडे यायचा? वाड्याच्या मालकाचं आडनाव काय? गणपती कुठल्या मंडळाचा? किराणा कुठून यायचा? समोर कोणाचा दवाखाना होता? दवाखाना आणि दुकान डिरेक्टरीत असण्याची शक्यता बिऱ्हाडापेक्षा जास्त, त्यामुळे ही उत्तरं पुढे थेट उपयोगाला येतात.

आता एक तक्ता करा. रकाने चारच: वर्ष, पत्ता, कोणत्या कागदावरून किंवा कोणाच्या सांगण्यावरून, आणि खात्री किती.

*पुढे जाण्याआधी तपासा: घरक्रमांकासह एक तरी पत्ता आहे का? त्या पत्त्याला साधारण पाचेक वर्षांच्या फरकाने का होईना, काळ लावता येतो का? नसेल तर आणखी दोन घरी चौकशी करा. डिरेक्टरी अजून उघडायची नाही.*

टप्पा २: नावाची सगळी रूपं लिहून काढा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा घाईने उरकू नका.

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असतो आणि डिरेक्टरीत तो आडनाव आणि दोन आद्याक्षरं असा छापला जातो. म्हणजे दुसरं अक्षर वडिलांचं, आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत बहुधा पतीचं. एका ओळीत दोन पिढ्या मिळाल्या, हे या पद्धतीचं बळ. पण तिच्यात एक सापळाही आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत अनेक घरांत होती. समजा पणजोबा गोविंद विष्णू जोशी. त्यांचा मुलगा विष्णू गोविंद, नातू पुन्हा गोविंद विष्णू. डिरेक्टरीत गो. वि., मग वि. गो., मग परत गो. वि. पंचवीस-तीस वर्षांच्या अंतराने दिसलेले दोन ‘गो. वि. जोशी’ एकच माणूस धरले, तर मधली अख्खी पिढी गळते. उलट, एकाच पत्त्यावर गो. वि. जाऊन वि. गो. आलेले दिसले, तर मुलाच्या नावावर फोन झाल्याची ती चांगली खूण आहे.

कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव वेगळं असे, हेही लक्षात ठेवा. घरात सगळे अप्पा म्हणत, बारशाचं नाव दत्तात्रय, आणि शाळेत घातलं तेव्हा तिसरंच. दत्तक गेलेल्या माणसाचं मधलं अक्षर बदलतं, कधी आडनावही. गावावरून ‘कर’ लावलेलं आडनाव एका भावाने घेतलं आणि दुसऱ्याने कुलकर्णीच ठेवलं, अशी घरंही पुष्कळ आहेत.

पुण्याच्या जुन्या डिरेक्टऱ्या प्रामुख्याने इंग्रजी अकारविल्हेने लावलेल्या असतात, आणि मराठी आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग ज्याच्या त्याच्या मर्जीचं. म्हणून प्रत्येक आडनावासाठी शक्य तेवढी स्पेलिंगं आधी लिहा:

- व ने सुरू होणारं आडनाव (वैद्य, वर्तक, वाळिंबे) व्ही खाली आणि डब्ल्यू खाली, दोन्हीकडे.
- फ चं आडनाव (फडके, फाटक) पीएच खाली आणि एफ खाली.
- झ चं झेड खाली आणि जेएच खाली.
- ज्ञ चं डी, जी आणि जे, तिन्हीकडे.
- शेवटचा ‘ए’ कधी वाय लावून, कधी नुसता ई लावून, कधी गाळून.
- चव्हाण, शेख अशा आडनावांत मधला एच असलेली आणि नसलेली रूपं.

दुकान, दवाखाना, छापखाना किंवा क्लास असेल तर त्याचं नाव स्वतंत्र लिहा. घरचा फोन दुकानाच्या नावावर असणं ही अगदी सर्रास गोष्ट होती.

*सावधान: ‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘डॉ.’ या उपाध्या कधी आद्याक्षरांच्या आधी येतात, कधी नंतर. उपाधीमुळे नाव रकान्यात खाली-वर सरकतं. आडनावाचा पूर्ण पट्टा वाचा, नुसत्या अपेक्षित जागी बघून थांबू नका.*

टप्पा ३: पत्ता त्या काळात नेऊन ठेवा

पुण्याच्या पेठांत घरक्रमांक पेठेपुरता असतो. सदाशिव पेठेतलं १२०० आणि शुक्रवार पेठेतलं १२०० ही दोन वेगळी घरं. पेठेचं नाव सुटलेला क्रमांक म्हणजे अर्धा पत्ता. जमेची बाजू अशी की पेठेतले क्रमांक चिवट असतात. केसरीवाड्याचा पत्ता आजही ५६८ नारायण पेठ असाच लिहितात. वाडा पडून इमारत उभी राहिली तरी जुना क्रमांक, पुढे कधी ‘अ’ किंवा ‘ब’ जोडून, बहुधा टिकतो. पण जुन्या कागदावरचा ‘घ. नं.’ म्हणजे नगरपालिकेचा घरक्रमांक की सिटी सर्व्हे (शहर भूमापन) नंबर, हे ठरवल्याशिवाय दोन कागद जुळवू नका. एकाच वाड्याला दोन वेगळे आकडे असू शकतात.

पेठांबाहेर गणित बदलतं. डेक्कन जिमखाना, एरंडवणे, मॉडेल कॉलनी या भागांत प्लॉट नंबर, फायनल प्लॉट नंबर, सर्व्हे नंबर आणि बंगल्याचं नाव चालतं. प्रभात रोडसारख्या ठिकाणी गल्लीचा क्रमांकही असतो. बंगल्याचं नाव मालक बदलला की बदलतं, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका.

कॅम्प ही वेगळी दुनिया. तिथे महापालिका नव्हे, कॅन्टोन्मेंट बोर्ड. खडकीचं बोर्ड आणखी निराळं. तिथल्या बंगल्यांना स्वतःचे क्रमांक आहेत आणि जमिनीची नोंद सिटी सर्व्हेऐवजी कॅन्टोन्मेंटच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये असते. कॅम्पातल्या घराची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) सिटी सर्व्हे ऑफिसात शोधण्यात अनेकांचा वेळ फुकट जातो.

नावंही बदलली आहेत. भांबुर्डे म्हणजे आजचं शिवाजीनगर. गंज पेठ आता महात्मा फुले पेठ. कॅम्पातला मेन स्ट्रीट झाला महात्मा गांधी रोड, ईस्ट स्ट्रीट झाला जनरल थिमय्या रोड. रे मार्केट म्हणजे आपली फुले मंडई. इंग्रजी डिरेक्टरीत खडकीचं स्पेलिंग ‘किर्की’ असं वाचावं लागेल असं असतं. तुमच्या तक्त्यातल्या प्रत्येक पत्त्याशेजारी त्याचं जुनं नाव लिहा.

टप्पा ४: कोणत्या काळासाठी कोणती डिरेक्टरी, आणि ती कुठे

स्वातंत्र्यापूर्वीच्या काळासाठी लोक थॅकर्स इंडियन डिरेक्टरीकडे धावतात. कलकत्त्याच्या थॅकर स्पिंक कंपनीची ही वार्षिक डिरेक्टरी. तिचे काही खंड इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेले मिळतात. मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाची डिरेक्टरीही निघत असे. दोन्हींत भर आहे तो युरोपीय रहिवासी, सरकारी अधिकारी, लष्कर, कंपन्या, बडे व्यापारी आणि संस्था यांच्यावर. पणजोबा कॅम्पात दुकानदार असतील, कंत्राटदार असतील किंवा वरच्या हुद्द्यावर सरकारी नोकरीत असतील तर जरूर बघा. बुधवारात बिऱ्हाड करून राहणाऱ्या शाळामास्तरांना तिथे शोधण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी ज्ञातिसंस्थांच्या सूची, कुलवृत्तांत आणि शाळांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका जास्त कामाच्या. स्मरणिकेतल्या जाहिरातींकडे विशेष लक्ष द्या: दुकानाचं नाव, मालकाचं नाव, पत्ता, नंबर आणि वर्ष, सगळं एका चौकटीत मिळतं.

स्वातंत्र्यानंतरचा काळ सरकारी टेलिफोन डिरेक्टरीचा. आधी टपाल व तार खातं, १९८५ पासून दूरसंचार विभाग, ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएल.

अडचण ही की नवी डिरेक्टरी आली की जुनी रद्दीत जाई, त्यामुळे सलग संच एका जागी मिळेल अशी आशा धरू नका. ग्रंथालयात विचारताना ‘जुनी पुस्तकं’ म्हणून विचारलंत तर नकार येईल. संदर्भ विभाग, शासकीय प्रकाशनं आणि वार्षिकं या तिन्ही ठिकाणी विचारा. सूचीत ‘पूना’, ‘पुणे’, ‘टेलिफोन’ आणि ‘महाराष्ट्र सर्कल’ हे शब्द वेगवेगळे टाकून बघा. पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय, विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ या ठिकाणी आधी फोन करून डिरेक्टऱ्या किंवा स्थानिक सूची आहेत का, बाहेरच्या वाचकाला काय लागतं, फोटो काढू देतात का, हे तिन्ही प्रश्न विचारा. सरकारी कागदांसाठी पुणे पुरालेखागार आहे; तिथे ओळखपत्र आणि विषय स्पष्ट लिहिलेला अर्ज घेऊन जा.

अप्पा बळवंत चौकातले जुन्या पुस्तकांचे विक्रेते आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार इथे सुटे खंड अधूनमधून निघतात. वकील, डॉक्टर आणि जुन्या पेढ्या यांच्या माळ्यावरही. एक सुटा खंड तुमच्या उपयोगाचा नसला तरी दुसऱ्या कोणाच्या असतो. वर्ष टिपून ठेवा आणि शक्य झालं तर ग्रंथालयाला द्या.

टप्पा ५: पान कोणत्या वर्षीचं, हे आधी ठरवा

मुखपृष्ठ असेल तर वर्ष मिळालं, पण तेवढ्यावर थांबू नका. यादी छपाईच्या काही महिने आधी बंद होते. माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे हे सुरुवातीच्या पानांत दिलं आहे का ते बघा. १९६८ च्या डिरेक्टरीतली ओळ ही १९६७ ची स्थिती असू शकते.

मुखपृष्ठ फाटलेलं असेल, किंवा कोणी नुसत्या पानाचा फोटो पाठवला असेल, तर या खुणा लावा:

- राज्याचं नाव ‘बॉम्बे’ असेल तर १ मे १९६० पूर्वीची.
- पत्त्यात ‘पुणे २’, ‘पुणे ४’, ‘पुणे ३०’ असे सुटे आकडे असतील तर बहुधा पिन कोडपूर्वीची. सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. जुना आकडा पिनच्या शेवटी टिकला: पुणे ४ चं ४११००४, पुणे ३० चं ४११०३०.
- इंग्रजीत ‘पूना’ असेल तर साधारण १९७८ पूर्वीची.
- एसटीडी कोड ०२१२ असेल तर जुनी, ०२० असेल तर नंतरची. आठ आकडी नंबर, सुरुवातीला २, म्हणजे अगदी शेवटच्या काळातली.

*सावधान: पिनची आणि ‘पूना’ची खूण एका दिशेनेच चालते. पिन दिसला तर १९७२ नंतरचं हे पक्कं. पिन दिसला नाही तर १९७२ पूर्वीचं, हे पक्कं नाही. लोक पुढेही कित्येक वर्षं ‘पुणे ३०’ असंच लिहीत.*

टप्पा ६: वाचायचं कसं

आता डिरेक्टरी उघडा, आणि तरीही आडनावावर लगेच जाऊ नका. पहिल्यांदा सुरुवातीची पानं: संक्षेपांची यादी, एक्स्चेंजची यादी, पुरवणी आहे का. निवासाचा आणि कार्यालयाचा फोन वेगळा दाखवण्याची खूण कोणती, हे इथेच कळतं. ती न बघता दुकानाचा पत्ता घराचा समजून बसणं ही नेहमीची चूक.

फोटो काढायचे तर क्रम ठेवा: मुखपृष्ठ, संक्षेपांचं पान, मग हवं ते पान पूर्ण, पृष्ठक्रमांकासह, आणि शेवटी त्या ओळीचा जवळून. नुसत्या ओळीचा फोटो सहा महिन्यांनी कुठला होता ते तुम्हालाच सांगता येणार नाही. कागद पातळ आणि ठिसूळ असतो. पान सपाट करायला बांधणी दाबू नका, झेरॉक्सचा आग्रह धरू नका.

मग आडनावाचा पट्टा, टप्पा २ मधल्या प्रत्येक स्पेलिंगखाली. आता नावं बाजूला ठेवून पत्ते वाचत जा. समजा ‘जोशी’ खाली पाच पानं आहेत. तुम्हाला हवा आहे नारायण पेठेतला एक घरक्रमांक. डोळा फक्त पेठ आणि क्रमांकावर ठेवलात तर अर्ध्या तासात पाचही पानं होतात, आणि आद्याक्षरं वेगळी असूनही त्या क्रमांकावर असलेला माणूस निसटत नाही. आद्याक्षरं बघत गेलात तर नेमका तोच निसटतो.

त्या पत्त्यावर तुमच्या आडनावाचं कोणीच नसेल तर घरमालकाचं आडनाव काढा, मग वाड्याखालच्या दुकानाचं, मग समोरच्या दवाखान्याचं. टप्पा १ मध्ये विचारलेले प्रश्न इथे कामाला येतात. पी.पी. नंबर हाती असेल आणि तो कोणाचा हे माहीत नसेल, तर डिरेक्टरी नंबरावरून शोधू देत नाही. तेव्हा असं करा: त्या पेठेतल्या दहा-बारा नोंदींचे नंबर एका कागदावर उतरवा. सुरुवातीचे आकडे एक्स्चेंजचे असल्यामुळे ते जुळतात की नाही लगेच दिसेल. जुळले तर त्या वाड्याचा आणि शेजारच्या घरांचा एकेक ज्ञात माणूस तपासत जा. न जुळले तर पी.पी. नंबर दुसऱ्या भागातला आहे, म्हणजे बहुधा कार्यालयाचा किंवा नातेवाइकाचा.

नंबर बदलत गेले हे धरून चाला. आकडे वाढले, एक्स्चेंज बदलली की सुरुवातीचा भाग बदलला. शेवटचे चार आकडे मात्र अनेकदा तेच राहिले. दोन आवृत्त्यांत पत्ता वेगळा आणि शेवटचे चार आकडे तेच दिसले, तर ती नोंद बाजूला काढून तपासण्याच्या यादीत टाका.

शेवटी व्यवसायवार विभाग. वैद्य, वकील, छापखाने, मंगल कार्यालयं, टायपिंग क्लास. घरगुती यादीत न सापडलेला माणूस इथे सापडतो.

*तपासा: प्रत्येक नोंदीसमोर खंडाचं वर्ष, पृष्ठक्रमांक आणि मूळ स्पेलिंग जसंच्या तसं लिहिलं आहे का? स्पेलिंग ‘दुरुस्त’ करून उतरवू नका.*

टप्पा ७: एका खंडावर थांबू नका, साखळी लावा

एका वर्षातली ओळ हा एक ठिपका आहे. मिळतील तेवढे खंड घेऊन एकाच पत्त्याची ओळ वर्षावर्षाने लिहा. जोशींच्या आधीच्या कल्पित उदाहरणातच पाहू: १९५८ मध्ये नारायण पेठेतल्या वाड्यात गो. वि. जोशी. १९६३ मध्ये तिथे कोणीच नाही. १९६६ मध्ये सहकारनगरला वि. गो. जोशी. घाईत वाचणारा म्हणेल, गो. वि. वारले आणि मुलगा वेगळा झाला. पुण्याच्या बाबतीत या दोन तारखांच्या मध्ये १२ जुलै १९६१ येते हे विसरून चालणार नाही. पानशेत धरण फुटल्यावर नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा या पेठांतली घरं गेली आणि माणसं सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहतींत गेली. १९६१ च्या आधीची एक आणि नंतरची एक अशा दोन डिरेक्टऱ्या शेजारी ठेवून वाचल्या तर ही हालचाल ओळीओळीने दिसते. ज्यांचे घरचे कागदच पुरात गेले, त्यांच्यासाठी तर हा टप्पा सगळ्यांत मोलाचा आहे, आणि माझ्या मते डिरेक्टरीचा खरा उपयोग इथेच होतो.

नाव नाहीसं होण्याची कारणं मृत्यूखेरीज अनेक: फोन मुलाच्या किंवा दुकानाच्या नावावर गेला, बिल थकून तोडला, बदली झाली, स्पेलिंग बदललं, छपाईत ओळ गळली. उलट, माणूस गेल्यावरही फोन वर्षानुवर्षं त्याच्याच नावावर राहिला अशी घरं तर प्रत्येकाच्या ओळखीत असतील. म्हणून डिरेक्टरीवरून मृत्यूचं वर्ष कधीही ठरवू नका. ‘या वर्षीपर्यंत नोंद दिसते’ एवढंच लिहा.

टप्पा ८: दुसऱ्या जातीच्या कागदाशी ताडून पाहा

वंशावळीत नाव चढवण्याआधी किमान एक असा कागद हवा की जो टेलिफोनशी संबंधित नाही.

मतदार यादी सगळ्यांत उपयोगी, कारण ती घरक्रमांकाने लावलेली असते आणि तिच्यात वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि वय असतं. एका घरक्रमांकावरचे सगळे प्रौढ एकत्र दिसतात, स्त्रियाही. डिरेक्टरीत ज्या बायका कधीच येत नाहीत त्या इथे नावानिशी भेटतात. १९८९ पूर्वी मतदानाचं वय २१ होतं, हे वयाचा हिशेब करताना धरा. यादीतलं वय सांगीव असतं. दोन-चार वर्षांचा फरक गृहीत धरा.

घर मालकीचं असेल तर सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिका काढा. तिच्यात फेरफार (मालकीतले बदल) आणि वारसांची नावं तारखेसह येतात. घर भाड्याचं असेल तर पत्रिकेत तुमचं नाव येणारच नाही. तिथे महापालिकेच्या मिळकतकराच्या जुन्या नोंदी आणि भाडेपावत्या बघा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ मिळतं. मृत्यूसाठी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय.

*तपासा: दोन्ही कागदांत पत्ता आणि वडिलांचं नाव दोन्ही जुळतात का? फक्त नाव जुळत असेल तर ‘शक्य’. फक्त पत्ता जुळत असेल तर ‘तपासायचं’. दोन्ही जुळले तरच ‘पक्कं’. हे तीन शब्द तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात लिहा, आणि वंशावळीत फक्त ‘पक्कं’ घ्या.*

टप्पा ९: माणसांपर्यंत जाताना

साखळीच्या शेवटी आजचा पत्ता निघतो आणि तिथे बहुधा कोणीतरी राहत असतं. थेट दार वाजवून ‘तुम्ही आमचे चुलत’ असं म्हणू नका. पेठेत घर, वाटणी आणि पागडी यांचे वाद अजून जिवंत आहेत. जुने कागद घेऊन आलेला अनोळखी माणूस हिस्सा मागायला आला असं वाटणं साहजिक आहे. आधी एक साधं पत्र लिहा: तुम्ही कोण, कोणाचे नातू, त्या वाड्याशी कुटुंबाचा संबंध कोणत्या काळात, आणि तुम्हाला फक्त माहिती हवी आहे, मालमत्तेशी देणंघेणं नाही. सोबत त्यांच्या घराचा जुना उल्लेख असलेल्या पानाची प्रत जोडा. उत्तराची सक्ती नसावी.

हयात माणसांचे पत्ते आणि नंबर वंशावळीच्या फिरत्या प्रतीत घालू नका, ते तुमच्या तक्त्यातच राहू द्या. भेट झालीच, तर पहिला प्रश्न तोच ठेवा जो टप्पा १ मध्ये होता: फोन कोणाकडे यायचा?